वाटाघाटीत चार जण राजी, पाचवा अडून बसतो: फोर्ज ऑफ एम्पायर्समधल्या जुन्या दुखण्यावर उपाय

फोर्ज ऑफ एम्पायर्स हा शहर उभारून ते एकेका युगातून पुढे नेण्याचा ऑनलाइन खेळ. तो खेळणाऱ्या आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, रत्नागिरी, गुहागर, देवगड, मालवण अशी किनाऱ्यावरची मंडळी जास्त. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, बाहेर पाऊस. या दोन महिन्यांत खेळाला जोर चढतो आणि ग्रुपवर तीच ती तक्रार सुरू होते. मालवणच्या एका मुलाने लिहिलं होतं, "चार जण खूश, सगळो माल गेलो, पाचवो ऐकणा नाय." गिल्ड एक्स्पिडिशन या गिल्डने मिळून करायच्या मोहिमेच्या वरच्या टप्प्यांवर लढाईऐवजी वाटाघाट, म्हणजे समोरच्यांना हवा तो माल ओळखून देणं, निवडणाऱ्या जवळपास प्रत्येकाची हीच अडचण असते. तीन फेऱ्या संपतात, एक माणूस उरतो, आणि दिलेला माल परत मिळत नाही.

बहुतेक जण याला नशीब म्हणून सोडून देतात. नशिबाचा भाग आहेच, तो किती ते पुढे मोजून दाखवतो. पण हरलेल्या वाटाघाटी एकेक उघडून पाहिल्या की त्याच तीन-चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्या टाळता येतात.

आधी नियम, थोडक्यात

समोर जास्तीत जास्त पाच माणसं असतात. खाली मालाची यादी असते: कॉइन, सप्लाय आणि वेगवेगळे गुड्स (लाकूड, दगड, वाइन अशा वस्तू). प्रत्येकाला यादीतला एकच माल हवा असतो, कोणता ते लपलेलं असतं. प्रत्येक फेरीत तुम्ही प्रत्येकासमोर एकेक माल ठेवता आणि प्रत्येकावर तीनपैकी एक खूण उमटते. "बरोबर" म्हणजे तो माणूस राजी झाला. "चुकीचा माणूस" म्हणजे याला नको, पण दुसऱ्या कुणाला तरी हा माल हवा आहे. "नको" म्हणजे हा माल कुणालाच नको. फेऱ्या तीन.

हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावात बोली वाढत जाते, समोरच्याचा अंदाज घेत भाव ठरतो. इथे तसं काही नाही. समोरच्यांची मागणी आधीच ठरलेली आहे आणि शेवटपर्यंत बदलत नाही. नावात वाटाघाट असली तरी हा ओळखण्याचा खेळ आहे. लपवलेले रंग ओळखायच्या जुन्या मास्टरमाइंडच्या घरातला. १९७०च्या दशकात मॉर्देकाय मायरोविट्झ यांनी तो बोर्डगेम काढला आणि १९७७ मध्ये डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की चार जागा आणि सहा रंग, म्हणजे १२९६ शक्यता असल्या, तरी उत्तर जास्तीत जास्त पाच प्रयत्नांत हमखास निघतं. मास्टरमाइंडमध्ये किती बरोबर आणि किती जागा चुकलेले एवढाच आकडा मिळतो, कोणते ते कळत नाही. आपल्या खेळात प्रत्येक माणसावर वेगळी खूण येते. म्हणजे माहिती जास्त, पण प्रयत्न कमी.

दुखण्याचं मूळ: प्रत्येक फेरी "लागेल" म्हणून खेळणं

पहिल्या फेरीत सगळे पाच जण राजी होणं जवळजवळ अशक्य आहे. पाच माणसं आणि सात माल असतील तर कुणाला काय हवं याच्या एकूण मांडण्या १६,८०७ (सात हा आकडा पाच वेळा घेऊन केलेला गुणाकार). तेव्हा पहिली फेरी ही प्रश्न विचारण्यासाठी असते आणि दिलेला माल ही त्या प्रश्नाची किंमत. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की अर्ध्या चुका आपोआप थांबतात.

सर्वांत महाग चूक म्हणजे पहिल्या फेरीत पाचही जणांना कॉइन देणं. कॉइन स्वस्त असतं, म्हणून हात तिकडे जातो. प्रत्येकाची मागणी स्वतंत्रपणे ठरते असं धरलं, तर सात मालांमध्ये कॉइन कुणालाच नको असण्याची शक्यता ४६ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा पाच "नको" येतात आणि ७,७७६ मांडण्या तशाच शिल्लक राहतात. एक फेरी गेली आणि कळलं फक्त कॉइनबद्दल.

त्याऐवजी पाच वेगवेगळे माल द्या. स्वस्ताईचा विचार करायचाच तर कॉइन आणि सप्लाय त्या पाचांत ठेवा, उरलेले तीन तुमच्या कोठारात भरपूर असलेले घ्या. दुर्मिळ माल पहिल्या फेरीत अडकवू नका. माहितीच्या दृष्टीने सगळे माल सुरुवातीला सारखेच असतात, मग महागाने सुरुवात कशाला करायची?

एक वाटाघाट, पहिल्यापासून

देवगडच्या मुलाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटसारखीच एक मांडणी घेऊ. माणसं १ ते ५. माल सात: कॉइन, सप्लाय, लाकूड, दगड, रंग, वाइन, संगमरवर. शेवटचे पाच ब्राँझ युगातले आहेत, पण पद्धत कुठल्याही युगाला तीच.

पहिली फेरी: १ ला कॉइन, २ ला सप्लाय, ३ ला लाकूड, ४ ला दगड, ५ ला रंग.

खुणा आल्या: कॉइन चुकीचा माणूस, सप्लाय नको, लाकूड बरोबर, दगड चुकीचा माणूस, रंग नको.

इथे थांबा आणि कागद घ्या. जुन्या वहीचं पान पुरतं. उभ्या ओळींत माल, आडव्या ओळींत माणसं, आणि जे शक्य नाही त्या घरावर फुली. सप्लाय आणि रंग सगळ्यांच्या समोरून जातात. कॉइन १ ला नाही, पण २, ४, ५ यांपैकी निदान एकाला आहे. दगड ४ ला नाही, पण १, २, ५ यांपैकी निदान एकाला आहे. वाइन आणि संगमरवर अजून विचारलेच नाहीत. आणि लाकूड? ते ३ ला बरोबर ठरलं म्हणून बाकीच्यांच्या समोरून फुली मारायची नाही. याच फुलीपाशी बहुतेक जण घसरतात.

हिशेब केला तर आता ९७ मांडण्या उरतात. १६,८०७ वरून ९७. एका फेरीचं हे काम आहे.

दुसरी फेरी: १ ला दगड, २ ला संगमरवर, ४ ला कॉइन, ५ ला वाइन. नियम दोनच. ज्यावर "चुकीचा माणूस" आलं तो माल नव्या माणसासमोर ठेवायचा, आणि उरलेल्या जागी न विचारलेला माल ठेवायचा.

खुणा: दगड बरोबर, संगमरवर नको, कॉइन बरोबर, वाइन चुकीचा माणूस.

वाइन ५ ला नको आणि दुसऱ्या कुणाला तरी हवी आहे. राजी न झालेला दुसरा आहे फक्त २. म्हणजे २ ला वाइन, शंकाच नाही. आणि ५? सप्लाय, रंग, संगमरवर, वाइन सगळ्यांवर फुली. उरलं लाकूड, कॉइन, दगड. तिन्ही आधीच कुणाला ना कुणाला बरोबर ठरलेले.

हाच तो पाचवा माणूस. कागद न ठेवणारा खेळाडू इथे गोंधळतो, कारण त्याच्या डोक्यात लाकूड, कॉइन आणि दगड "संपले" आहेत. मग तो पुन्हा संगमरवर देतो किंवा सप्लाय देतो, म्हणजे जे नक्की चुकीचं आहे ते. फुल्या मारलेल्या असतील तर निदान तीनांत एक संधी आहे, आणि तिन्हींची शक्यता सारखीच असल्यामुळे द्यायचा तो माल ज्याची तुम्हाला वाण नाही. बहुधा कॉइन.

एकच माल दोघांना हवा असतो, आणि तेही बहुतेक वेळा

हे ठळक सांगायलाच हवं, कारण माझ्या मते हरण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. पाच माणसं आणि सात माल असतील तर पाचही जणांची मागणी वेगवेगळी असण्याची शक्यता फक्त १५ टक्के. आठ माल असतील तर साधारण २१ टक्के, दहा असतील तर ३० टक्के. म्हणजे दहा मालांच्या वाटाघाटीतसुद्धा दहांतून सात वेळा कुठला तरी माल निदान दोघांना हवा असतो.

तरीही आपलं मन उलटं चालतं. एकाला एक दिलं, की ते संपलं असं वाटतं. "बरोबर" ही खूण त्या एका माणसापुरतीच बोलते. दुसऱ्या कुणाला तो माल हवा आहे का, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. तीन खुणांपैकी सर्वांत आनंद देणारी खूण बाकीच्यांबद्दल सर्वांत कमी माहिती देते, असंही म्हणता येईल.

याच्या उलट "नको" खूण पाहून लोक खचतात. खरं तर ती कोष्टकातली अख्खी उभी ओळ पुसून टाकते. समजा सात मालांच्या वाटाघाटीत पहिल्या फेरीला पाचही जणांनी "नको" म्हटलं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर आनंद माना. उरले दोनच माल, मांडण्या ३२. दुसऱ्या फेरीत त्यातला एक माल पाचही जणांना द्या. जे राजी झाले ते झाले, बाकीच्यांना दुसरा हवा आहे. तिसऱ्या फेरीत काम फत्ते, नशिबाचा संबंधच नाही. सगळ्यांना एकच माल द्यायला मी वर नको म्हटलं होतं. शिल्लक माल दोनच असताना मात्र तोच बरोबर डाव आहे.

अवघड जातात त्या "चुकीचा माणूस" खुणा. तीन "चुकीचा माणूस", दोन "नको" आणि एकही "बरोबर" नाही, अशी पहिली फेरी गेली तर सात मालांत ३२६ मांडण्या उरतात, वरच्या उदाहरणातल्या ९७ च्या तिप्पट. इथे जिवंत माल पाच आणि माणसंही पाच. तेव्हा पाचही माल पुन्हा मांडा, पण प्रत्येक जण आधीच्यापेक्षा वेगळ्या माणसासमोर. ज्याने कॉइन नाकारलं त्याच्यासमोर परत कॉइन ठेवल्याचे स्क्रीनशॉट मी पाहिलेले आहेत. घाईत हे होतं. ती जागा आणि तो माल, दोन्ही फुकट जातात.

कितीही हुशारीने खेळलं तरी हमी नसते, आणि ती का नसते

वरच्या उदाहरणात पहिल्या फेरीनंतर ९७ मांडण्या होत्या. दुसऱ्या फेरीत चार माणसं, प्रत्येकावर तीन खुणा, म्हणजे जास्तीत जास्त ८१ वेगवेगळी उत्तरं येऊ शकतात, प्रत्यक्षात त्याहून कमीच. ८१ उत्तरांनी ९७ मांडण्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणजे तिसऱ्या फेरीला काही वेळा अंदाजच लावावा लागणार, मग खेळणारा कुणीही असो.

मोठ्या वाटाघाटीत हे आणखी उघड होतं. पाच माणसांच्या फेरीत खुणांचे जास्तीत जास्त २४३ प्रकार. दोन फेऱ्यांचे मिळून ५९,०४९. दहा मालांच्या मांडण्या होतात १,००,०००. तीन फेऱ्यांत दहा मालांची वाटाघाट दर वेळी जिंकून देणारी पद्धत असूच शकत नाही. कुणी तसा दावा करत असेल तर त्याला हा गुणाकार दाखवा. आणि एखाद्या दिवशी सगळं नीट करूनही पाचवा अडला तर स्वतःला दोष देऊ नका.

म्हणून चौथी फेरी

फ्रेंड्स टॅव्हर्न या खेळातल्या मित्रांच्या बैठकीच्या जागी चांदी (तिथलं चलन) खर्चून ठरावीक वेळेपुरती एक जादा फेरी मिळते. डायमंड हे खेळातलं महागडं चलन देऊनही फेरी विकत घेता येते, पण डायमंड या कामावर घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मित्रांच्या टॅव्हर्नमध्ये रोज जाऊन बसलं की चांदी जमते, ती याच कामाला राखून ठेवा.

चौथी फेरी नुसती "आणखी एक संधी" म्हणून वापरू नका. ती असेल तर तिसरी फेरीसुद्धा प्रश्न विचारायला मोकळी होते. खूण अशी लक्षात ठेवा: तिसरी फेरी खेळण्याआधी कागदावर प्रत्येक माणसापुढे दोनच कोरी घरं उरली असतील, तर तिसऱ्या फेरीत दोन्हींपैकी कुठलाही माल द्या. चुकला तरी चौथ्या फेरीत दुसरा नक्की लागतो.

एखाद्यापुढे तीन कोरी घरं असतील तर एक युक्ती आहे, आणि ती आमच्या गिल्डमध्ये फार थोडे जण वापरतात. समजा दोन माणसं उरली आहेत. एकाला वाइनच हवी हे पक्कं कळलेलं आहे. दुसऱ्याला मीठ, काच किंवा विटा यांपैकी काहीतरी हवं आहे, आणि हे तिन्ही माल अजून कुणालाही "बरोबर" ठरलेले नाहीत. सरळ खेळणारा पहिल्याला वाइन देतो, दुसऱ्याला मीठ. मीठ चुकलं तर चौथ्या फेरीला काच की विटा हा निम्मा-निम्मा अंदाज. एकूण शक्यता तीनांत दोन.

आता असं करा. पहिल्याला वाइन देऊच नका. त्याच्यासमोर मुद्दाम काच ठेवा, दुसऱ्यासमोर मीठ. मीठ लागलं तर चौथ्या फेरीत पहिल्याला वाइन देऊन संपवा. मीठ लागलं नाही तर पहिल्याच्या काचेवरची खूण बघा. "चुकीचा माणूस" असेल तर काच दुसऱ्याला हवी आहे, कारण तिसरं कुणी उरलेलंच नाही. "नको" असेल तर विटा. दोन्ही वेळा चौथी फेरी शंभर टक्के तुमची. ज्याचं उत्तर माहीत आहे त्या माणसाची जागा आपण प्रश्न विचारायला वापरली, एवढंच केलं.

अट लक्षात ठेवा: हे शेवटच्या फेरीत करायचं नाही, आणि मुद्दाम ठेवायचा माल आधी कुणाला बरोबर ठरलेला नसावा, म्हणजे खुणेचा एकच अर्थ निघतो.

माल पुरत नसेल तर

काहींची अडचण डोक्याची नसते, कोठाराची असते. पाचवा माणूस काय मागतो ते कळलेलं आहे, पण तो मालच नाही. यावर वाटाघाट सुरू झाल्यानंतर उपाय नाही, तो आधीच करावा लागतो. युगातले पाचही गुड्स सारख्या प्रमाणात ठेवा. एका गुडचे हजार आणि दुसऱ्याचे वीस यापेक्षा प्रत्येकी दोनशे कधीही बरे. बाजारात सौदा आधी गिल्डच्या माणसाशी करा, तिथे स्वीकारताना फोर्ज पॉइंट (खेळात पुढे जायला लागणारे गुण) जात नाही. आणि पुढच्या युगात उडी मारण्याची घाई करू नका. युग बदललं की मागणीही वरच्या गुड्सकडे सरकते आणि नव्या युगाचं कोठार रिकामं असतं.

मधेच सोडावं का, असंही बरेच विचारतात. तिसऱ्या फेरीआधी शक्यता मोजा. तीन-चार उरल्या असतील तर खेळा. पंधरा-वीस उरल्या असतील आणि द्यायचा माल दुर्मिळ असेल तर सोडून द्या. गेलेला माल गेला, आणखी घालवू नका.

लाइट आणि नेटवर्क

टॅव्हर्नमधल्या जादा फेरीचं घड्याळ लाइट गेली म्हणून थांबत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वाऱ्याने एक फांदी तारांवर पडली की गाव अंधारात. गणपतीत चाकरमानी आले की टॉवरवर इतका ताण येतो की पान उघडायला मिनिटं लागतात. म्हणून जादा फेरी सुरू करण्याआधी फोन चार्ज, नेटवर्क स्थिर आणि मोकळा वेळ, तिन्ही बघा. एकेक वाटाघाट करत बसू नका. एक्स्पिडिशनचे प्रयत्न साठू द्या, मग एकदा जादा फेरीचा बूस्ट लावून सलग खेळा. भल्या पहाटे नेटवर्क सर्वांत चांगलं मिळतं, असा आमच्या गुहागरकडच्या मंडळींचा अनुभव आहे.

एवढं करूनही अडत असेल तर नुसतं "हरलो" लिहू नका. गिल्डच्या ग्रुपवर तीन गोष्टी टाका: यादीत माल किती आणि कोणते होते, पहिल्या दोन फेऱ्यांत कुणासमोर काय ठेवलं, आणि प्रत्येकावर कोणती खूण आली. तेवढ्यावरून चूक कुठल्या फेरीत झाली ते दाखवून देता येतं.